चित्रफितींची खतावणी आणि आपली मराठी

(बडोदे येथे मंडळाच्या सर्वसाधारण सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर जरा जडच छापले गेले आहे : चित्रफितींचे स्वयंचलित सूचीकरण आणि शोध. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, पदवी वाणिज्य शाखेची. संगणकशास्त्र शिकवण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसा आवही आम्ही आणत नाही. पण मंडळाच्या कपाटातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटींचा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. गणेशोत्सवातली नाटके, कीर्तने, सत्कार समारंभ, बाहेरगावच्या वक्त्यांची भाषणे असे बरेच काही त्यांत आहे. "कॅसेटी संगणकावर उतरवून घ्या की झाले, हल्ली यंत्र हवे ते आपोआप शोधून देते," असे एक मत पडले आहे. हे 'आपोआप' म्हणजे नक्की काय, ते कुठवर पोचते आणि कुठे अडते, हे समजून घेतल्याशिवाय ठराव करू नये, एवढ्यासाठी आजचे बोलणे.

सुरुवात हिशेबाच्या वह्यांपासून करू. जुन्या पेढीवर दोन वह्या असत. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. रोजकीर्दीत व्यवहार जसा घडला तसा, तारखेच्या क्रमाने उतरे. वर्षअखेर एखाद्या आसामीकडे किती येणे आहे असे विचारले, तर नुसत्या रोजकीर्दीवरून सांगायला सगळे वर्ष उलटावे लागेल. म्हणून खतावणी. तिच्यात प्रत्येक नावाचे वेगळे पान, आणि त्या पानावर रोजकीर्दीच्या कोणत्या पानावर नोंद आहे त्याचा आकडा. व्यवहार तेच, मांडणी फक्त उलटी.

चित्रफीत ही रोजकीर्द आहे. जे घडले ते घडले त्या क्रमाने तिच्यात आहे. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अमुक एका गृहस्थांचे भाषण कुठे आहे हे पाहायला तीन तास बसावे लागते, नाहीतर पुढे-मागे पळवत राहावे लागते. सूचीकरण म्हणजे या रोजकीर्दीची खतावणी करणे. कोणता शब्द, कोणता चेहरा, कोणती जागा कितव्या मिनिटाला येते, याची नावनिशीवार नोंद. ती नोंद माणसाऐवजी यंत्राने केली की ते स्वयंचलित सूचीकरण. सगळ्या तंत्राचा गाभा एवढाच आहे.

आता यंत्र ही खतावणी कशी करते ते पाहू. आपल्याकडच्या दूरचित्रवाणी पद्धतीत एका सेकंदात २५ स्थिर चित्रे असतात. म्हणजे तासाला ९०,००० चित्रे आणि तीन तासांच्या कॅसेटमध्ये २,७०,०००. एवढी सगळी तपासत बसण्यात अर्थ नाही, कारण लगतची चित्रे जवळजवळ सारखीच असतात. म्हणून यंत्र आधी तुकडे पाडते. एका चित्रातल्या रंगांचे आणि उजेडाचे प्रमाण पुढच्या चित्राशी ताडून बघते. फरक एकदम वाढला की तिथे दृश्य बदलले असे धरते. मग प्रत्येक तुकड्यातून एखाददुसरे प्रातिनिधिक चित्र उचलते. इथपर्यंतचे काम यंत्र फार चांगले करते आणि त्याला भाषेची गरज पडत नाही.

पुढचे काम आवाजाचे. बोललेले शब्द ऐकून ते लिहून काढणे आणि प्रत्येक शब्दाला वेळ लावणे. तिसरे काम पडद्यावरच्या अक्षरांचे, म्हणजे फलक, बॅनर, नावाची पट्टी वाचणे. या तिन्ही गोष्टी एकत्र बांधण्याचा मोठा प्रयोग १९९४ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झाला. प्रकल्पाचे नाव इन्फोर्मीडिया. मूळचे आंध्रचे असलेले आणि त्याच वर्षी संगणकशास्त्रातले ट्युरिंग पारितोषिक मिळवणारे राज रेड्डी हे याच विद्यापीठातले. यंत्राला माणसाचे बोलणे समजावे यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे घातली होती, तो पाया या प्रकल्पाला उपयोगी पडला. बातम्यांचे आणि माहितीपटांचे शेकडो तास यंत्राने स्वतः ऐकायचे, पाहायचे आणि विचारले की नेमका तुकडा काढून द्यायचा, अशी ती कल्पना होती.

चित्रांच्या बाबतीत एक युक्ती २००३ साली ऑक्सफर्डमध्ये जोसेफ सिविक आणि अँड्र्यू झिसरमन या दोघांनी मांडली. ती आम्हाला विशेष आवडली, कारण ती सरळ खतावणीचीच आहे. त्यांनी चित्राचे लहान लहान खुणेचे भाग पाडले, सारखे दिसणारे भाग एका गटात टाकले आणि प्रत्येक गटाला 'शब्द' मानले. मग पुस्तकातला शब्द शोधावा तशी एखादी वस्तू संपूर्ण चित्रपटात शोधता येऊ लागली. त्यानंतर २०२१ साली ओपनएआय या कंपनीने क्लिप नावाची प्रणाली जाहीर केली. चित्र आणि त्याखालचा मजकूर अशा ४० कोटी जोड्यांवर ती शिकवलेली होती. त्यामुळे "पिवळी साडी नेसलेली बाई दिवा लावते आहे" असे वर्णन दिले तरी तसे दृश्य सापडू शकते. त्या दृश्याला तसे नाव कोणी दिलेले असण्याची गरज उरली नाही.

इतके ऐकल्यावर वाटेल की मग अडचण कसली? कॅसेट द्या आणि मोकळे व्हा. अडचण कुठे येते ते सांगायला आम्ही एक खरे उदाहरण घेतो.

चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी १९९४ साली अमेरिकेत एक संस्था काढली. हिटलरच्या ज्यू-संहारातून वाचलेल्या आणि तो डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांच्या मुलाखती चित्रित करून ठेवायच्या, हा तिचा हेतू. आज ती शोआ फाउंडेशन या नावाने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. पहिल्या काही वर्षांतच ५६ देशांत, ३२ भाषांत जवळपास ५२,००० मुलाखती झाल्या. एकूण चित्रण सुमारे १,१६,००० तासांचे. कारकुनी सवयीने आम्ही हिशेब करून पाहिला. एका माणसाने रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता हे पाहायचे म्हटले तर ३९ वर्षे उलटून जातील. नुसते पाहायला, नोंदी वेगळ्याच.

त्या संस्थेने दोन गोष्टी केल्या, त्या आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे मुलाखतीच्या आधीच त्या व्यक्तीकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली जाई. नातेवाइकांची नावे, गावांची नावे, कुठून कुठे गेलो, हे सगळे कागदावर. दुसरी गोष्ट, हजारो सूचक शब्दांचा एक कोश तयार केला आणि माणसे बसवून मिनिटामिनिटाच्या तुकड्याला त्यातले शब्द लावले. यंत्राची मदत घेण्याचा प्रयत्न २००१ साली सुरू झाला. त्यात अमेरिकेतली विद्यापीठे, आयबीएम कंपनी आणि झेक देशातले संशोधक होते. त्यांना लगेच कळून आले की बातम्या वाचणाऱ्या निवेदकाचे बोलणे समजणारे यंत्र या मुलाखतींपुढे अडखळते. बोलणारे म्हातारे. बहुतेकांचे इंग्रजी परक्या वळणाचे. मध्येच रडू येते, मध्येच आईच्या भाषेतला शब्द येतो. आणि ज्यासाठी शोध घ्यायचा ती माणसांची आणि गावांची नावे, तीच यंत्राला सर्वांत अवघड.

मंडळी, हे वर्णन आपल्या कपाटातल्या कॅसेटींना लागू पडते की नाही, तुम्हीच सांगा.

आता आपल्या मराठीकडे येऊ. यंत्र भाषा शिकते ती ऐकून आणि त्याच्या जोडीला लिहिलेला मजकूर वाचून. जितके तास जास्त तितके ते तयार. २०२२ साली ओपनएआयने व्हिस्पर नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. ती ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेली होती. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण जमाखर्च पाहिला की वेगळेच दिसते. त्यातला फार मोठा भाग इंग्रजीचा. इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांना मिळून १,१७,००० तास. त्यातही हिंदी ऐकून हिंदीतच लिहिण्याचा सराव जेमतेम १२ तासांचा आणि मराठीचा त्याहून कमी. नंतर यात सुधारणा झाली, आपल्या देशातही काम झाले. मद्रासच्या आयआयटीतल्या संशोधकांनी भारतीय भाषांसाठी वेगळ्या प्रणाली तयार केल्या. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये आपल्या गांधीनगरातच भाषिणी हा उपक्रम सुरू केला, आणि त्यातल्या भाषादान या योजनेत कोणालाही आपला आवाज देता येतो. ही समाधानाची गोष्ट आहे.

तरीही प्रश्न उरतो की कोणती मराठी? यंत्राला शिकवताना वापरली जाणारी मराठी बहुतांशी वृत्तपत्राची, बातम्यांची, पुण्या-मुंबईची. आपल्या घरात चार-पाच पिढ्या बोलली जाणारी मराठी वेगळी आहे. तिच्यात गुजराती शब्द सहज येतात, दरबारी वळण अजून शिल्लक आहे. जुनी मंडळी 'सरकारांनी सांगितले' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात श्रीमंत गायकवाड असतात. यंत्राला ते सचिवालय वाटेल. 'महाराज' शब्द घ्या. आपल्याकडे महाराज म्हणजे सयाजीराव असू शकतात, कीर्तनकार असू शकतात आणि लग्नघरात स्वयंपाकाला बोलावलेले आचारीही असू शकतात! यंत्राला तिन्ही महाराज सारखेच. दांडिया बाजारात कोण राहत होते असे कोणी आजोबा सांगत असले, तर 'दांडिया' शोधणाऱ्या मुलापुढे नवरात्रातल्या गरब्यांच्या रांगेत तेही येऊन बसतील. हसण्यावारी नेऊ नका. खतावणीत चुकीच्या पानावर पडलेली रक्कम हरवलेल्या रकमेसारखीच असते. ती वहीत असते, पण मागाल तेव्हा मिळत नाही.

याहून गंभीर प्रकारही आहे. यंत्राला नीट ऐकू आले नाही की ते नेहमीच गप्प बसत नाही, कधी कधी मनाने वाक्य तयार करते. व्हिस्परची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले की सुमारे एक टक्का तुकड्यांत कोणी बोललेलेच नव्हते असे शब्द लिहून आले होते. आमच्या काउंटरवर शंभरात एक नोंद काल्पनिक निघाली तर काय होईल याची कल्पना करा. उद्या एखाद्या दिवंगत कार्यकर्त्याच्या तोंडी, तो कधी बोललाच नाही असे वाक्य गेले आणि ते सूचीत राहिले, तर ते खोटे म्हणून सांगायला कोण उरणार?

चेहऱ्यांचेही असेच. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यापारी प्रणालींची जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याहून कमी, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ज्यांची चित्रे शिकवताना कमी दाखवली, त्यांच्यावर यंत्र जास्त चुकले. तत्त्व तेच, भाषेत दिसले तेच.

इथे आपल्या गावाचा इतिहास आठवतो. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यात बोलावले. तीन वर्षांत त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, ग्रंथपाल तयार करण्याचे वर्ग चालवले, खेड्यांकडे फिरत्या ग्रंथपेट्या धाडल्या. पुस्तकांच्या वर्गीकरणाची बडोद्यासाठी स्वतंत्र पद्धत बसवली. त्या वेळी निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. महाराजांनी तंत्र परदेशातून आणले, पण वर्गवारी इथल्या गरजेप्रमाणे करून घेतली आणि ती चालवायला इथलीच माणसे शिकवली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे पुस्तकांच्या बाबतीत उमगले होते, तेच आज चित्रफितींच्या बाबतीत करायचे आहे.

वेळ मात्र थोडा आहे. व्हीएचएसची चुंबकीय फीत वर्षागणिक उतरत जाते, दमट हवेत बुरशी धरते. ती चालवणारी यंत्रेही आता निघत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले, ती शेवटची. पण त्याहून मोठी घाई माणसांची आहे. १९८५-९० सालच्या चित्रणात मागच्या रांगेत बसलेले गृहस्थ कोण हे सांगणारी मंडळी आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. फीत काही वर्षांनीही कदाचित दुरुस्त होईल, पण ओळख पटवणारे गेले की ती ओळख कोणत्याही संगणकातून परत मिळणार नाही.

म्हणून आम्ही सभेपुढे चार सूचना ठेवतो.

पहिली, कॅसेटी उतरवून घेण्याचे काम लगेच हाती घ्यावे आणि प्रत्येकीच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ कॅसेट टाकून देऊ नये.

दुसरी, यंत्राच्या आधी 'नावांची वही' तयार व्हावी. जुन्या कुटुंबांची आडनावे, पोळ-वाड्यांची नावे, संस्थांची, नाटकांची नावे, आपल्या बोलीतले खास शब्द. ही यादी यंत्राला आधी पुरवता येते आणि मग त्याचे अडखळणे बरेच कमी होते. शोआ संस्थेची प्रश्नावली आठवा.

तिसरी, हाताने खतावणी. मिनिटाला एक ओळ : कोण दिसते, कोण बोलते, कशाबद्दल. तीन तासांच्या कॅसेटला १८० ओळी झाल्या. समजा कॅसेटी शंभर धरल्या, तर १८,००० ओळी. वीस घरांनी पाच-पाच कॅसेटी वाटून घेतल्या, तर प्रत्येक घराला ९०० ओळी येतात. रोज दहा लिहिल्या तर तीन महिन्यांचे काम. आजी-आजोबांनी सांगायचे आणि नातवंडांनी टिपायचे. यंत्राने केलेली सूची मग या वहीशी ताडून बघता येईल, जसा आम्ही रोज संध्याकाळी ताळा जुळवतो. जुळले नाही तिथे माणसाचे प्रमाण मानावे.

चौथी, काय जगाला खुले करायचे आणि काय नाही हे आधी ठरवावे. नाटके आणि व्याख्याने खुली करायला बहुधा कोणाची हरकत असणार नाही, तरी कलावंतांची आणि वक्त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची लेखी संमती घ्यावी. पण हळदीकुंकू, लहान मुलांचे कार्यक्रम, घरगुती समारंभ यांत माणसे आपल्या लोकांत म्हणून वावरत होती. एकदा चेहरा यंत्राच्या सूचीत गेला की तो कोण, कशासाठी शोधील हे आपल्या हाती राहत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला. त्याच्या मुळाशी संमती आहे, तीच वृत्ती आपणही ठेवावी.

शेवटी राजकीय बाजू. राज्यघटनेच्या २९व्या कलमाने आपली वेगळी भाषा जतन करण्याचा हक्क प्रत्येक नागरिक-समूहाला दिला आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचे पेढे आपणही वाटले. आता आपली मागणी नेमकी असली पाहिजे. भाषिणीसारख्या सरकारी उपक्रमांनी मराठीचे नमुने गोळा करताना बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा इथल्या मराठीला ठरावीक वाटा द्यावा. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या संग्रहातल्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी चित्रणाची आणि ध्वनिमुद्रणांची सूची जनतेला पाहायला मिळावी. महाराष्ट्र शासनाच्या मराठी भाषा विभागाने बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांना या कामासाठी तांत्रिक साहाय्य द्यावे. या अर्थाचा ठराव आजच्या सभेने करावा आणि तो इतर गावांच्या मंडळांनाही पाठवावा, म्हणजे एकट्याचा आवाज वाटणार नाही.

अर्ज करणे आपल्या हाती आहे, मंजुरी दुसऱ्यांच्या. पण नावांची वही घालायला कोणाची मंजुरी लागत नाही. कार्यालयात टेबलावर कोरी वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने आपल्या पोळीतल्या जुन्या पाच घरांची नावे तिच्यात लिहून जावीत, ही विनंती करतो आणि रजा घेतो.